राग, गायक, प्रहर : जुन्या तबकड्यांच्या संग्रहासाठी हायकूचा डेस्कटॉप

शनिवार पेठेत राहणाऱ्या एका काकांकडे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांचा मोठा संग्रह आहे. बऱ्याचशा बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात फिरून जमवलेल्या, काही नातेवाइकांच्या माळ्यावरून आलेल्या. निवृत्तीनंतर त्यांनी एकेक तबकडी संगणकावर उतरवायला घेतली. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटांचं गाणं मावतं. त्यामुळे संग्रह संगणकावर आला की हाती येतो तो छोट्या छोट्या फाईलींचा ढीग. एवढ्या फाईली वाजवणं सोपं आहे. हवी ती सापडणं हा खरा प्रश्न.

काकांच्या सूनबाईंनी त्यासाठी स्प्रेडशीट केली होती आणि ती मन लावून केली होती. तबकडीचा क्रमांक, बाजू, गायक, राग, ताल, लेबलावरचा मजकूर असं सगळं त्यात देवनागरीत होतं. पण यादी एकीकडे आणि फाईली दुसरीकडे. काकांनी एखाद्या फाईलीचं नाव बदललं किंवा ती दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकली की यादीतली ती ओळ अनाथ व्हायची. वर्षभरात यादीवरचा विश्वास उडाला आणि काका पुन्हा फाईली एकेक उघडून ऐकत शोधू लागले.

माझ्याकडे हे काम आलं तेव्हा त्यांनी मागणी अगदी नेमकी सांगितली. "फाईल उघडायच्या आधी मला कळलं पाहिजे, राग कोणता, गायलंय कोण आणि रेकॉर्ड कितपत चांगली आहे. आणि संध्याकाळी ऐकायला बसलो की संध्याकाळचंच समोर यायला हवं. सकाळच्या तोडीतून वाट काढत मी यमनापर्यंत का जायचं?"

हाताशी दोन जीबी मेमरीचा एक जुना लॅपटॉप होता. तो फक्त ऐकण्यासाठी आणि नोंदींसाठी वापरायचा हे आधीच ठरलं. बँक, मेल, व्हिडिओ कॉल यांसाठी घरात दुसरी यंत्रं आहेत. ही अट महत्त्वाची होती, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावर उभे आहेत.

हायकूच का

मी सुचवलेली हायकू ही विंडोज किंवा लिनक्ससारखी संगणक चालवणारी प्रणाली पुण्यात संगणकावर रोज काम करणाऱ्यांपैकीही फार थोड्यांनी पाहिलेली असते. तिचं मूळ बीओएस या जुन्या प्रणालीत आहे. अ‍ॅपलमधून बाहेर पडलेल्या ज्याँ-लुई गासे यांनी १९९० मध्ये बी ही कंपनी काढली आणि तिने ध्वनी-चित्राच्या कामासाठी ही प्रणाली मुळापासून नवी लिहिली. धंदा टिकला नाही. २००१ मध्ये पाम कंपनीने बीची मालमत्ता विकत घेतली. त्याच वर्षी काही चाहत्यांनी तशीच प्रणाली मुक्त परवान्याखाली पुन्हा लिहायला घेतली आणि २००४ मध्ये तिला हायकू हे नाव मिळालं. पूर्ण आवृत्तीआधीच्या चाचणी-आवृत्त्यांपैकी २००९ मध्ये पहिली अल्फा, २०१८ मध्ये पहिली बीटा आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पाचवी बीटा आली. चालायला ३८४ एमबी मेमरी पुरते, शिफारस दोन जीबीची आहे. जुन्या लॅपटॉपवर ती झपाझप चालते.

वेग हे मात्र तिची निवड करण्याचं कारण नव्हतं. हलक्या लिनक्सवरही तो लॅपटॉप बरा चालला असता आणि तिथे देवनागरी पहिल्या दिवसापासून नीट दिसली असती. हा तोटा मी काकांना आणि सूनबाईंना आधीच दाखवला. तरीही हायकू निवडली ती तिच्या बीएफएस या फाईल-व्यवस्थेसाठी. डॉमिनिक जँपाओलो आणि सिरिल म्युरियाँ यांनी ती बीओएससाठी लिहिली होती. तिच्यात कोणत्याही फाईलीला आपल्याला हवी ती माहिती नाव देऊन चिकटवता येते. तिला अ‍ॅट्रिब्यूट म्हणतात. फाईलीचं नाव बदला, फोल्डर बदला, माहिती तिच्यासोबतच जाते. शिवाय त्या माहितीचा इंडेक्स, म्हणजे शोधासाठीची सूची, फाईल-व्यवस्थाच सांभाळते, त्यामुळे शोध क्षणात लागतो. लिनक्सवरही फाईलींना जास्तीची माहिती जोडता येते, पण तिचा इंडेक्स तिथल्या फाईल-व्यवस्था ठेवत नाहीत आणि नेहमीचे फाईल मॅनेजर तिचे रकाने दाखवत नाहीत. काकांची यादी ज्या कारणाने मोडली होती, ते कारणच इथे उरत नव्हतं.

डेस्कटॉप सजवणं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर वॉलपेपर आणि आयकॉन येतात. या प्रकरणात ते काम सर्वांत शेवटी आलं. आधी ठरवायचं होतं की विंडोत रकाने कोणते दिसणार.

रकाने

हायकूत फाईलींचे प्रकार ठरवणारी फाइल-टाइप्स नावाची सेटिंग आहे. सगळं ध्वनिमुद्रण फ्लॅक या ध्वनिफाईलींच्या प्रकारात होतं, म्हणून त्या प्रकाराला आम्ही नवी अ‍ॅट्रिब्यूट दिली : तबकडीचा क्रमांक, बाजू, लेबलावरचं नाव, गायक, राग, ताल, प्रहर, आवाजाची प्रत, ऐकून तपासली की नाही. प्रत्येकाला रकान्याचं शीर्षक, आतलं नाव, मजकूर की आकडा, रुंदी किती, विंडोतच बदलता यावं की नाही, हे सगळं तिथेच सांगता येतं. आवाजाची प्रत ताऱ्यांच्या रूपात आणि तपासणी चौकटीतल्या खुणेच्या रूपात दाखवायची सोयही आहे. तारे पाहून काका खूश झाले. खरखर किती आहे हे त्यांना आकड्यात सांगायला आवडत नव्हतं.

लेबलावरचं नाव आणि गायक असे दोन वेगळे रकाने ठेवणं हा माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत मोलाचा निर्णय. सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर आणि बालगंधर्व म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं, संगणकाला नसतं. लेबलावर जे छापलंय ते जसंच्या तसं जपायचं, कारण तो त्या तबकडीचा पुरावा आहे. आणि शोधण्यासाठी एकच ठरलेलं नाव वेगळं ठेवायचं. दोन्ही गोष्टी एका रकान्यात कोंबल्या असत्या तर एकतर पुरावा गेला असता, नाहीतर शोध बिघडला असता.

रागांचंही तसंच. जुन्या लेबलांवर एकाच रागाची वर्णनं निरनिराळी असतात. यमन आणि यमन कल्याण एक धरायचे की दोन, हा प्रश्न संगणकाचा नव्हता. तो काकांनी आणि त्यांच्यासोबत ऐकायला येणाऱ्या मित्रांनी सोडवला : दोन. आपल्या मनाने एक करून टाकायला मला सोपं गेलं असतं, पण संग्रह त्यांचा आहे आणि कानही त्यांचेच आहेत. अशा निर्णयांतून रागांचा एक तक्ता तयार झाला. प्रत्येक रागासाठी एक ओळ, त्यात ठरलेलं लेखन आणि प्रहर.

प्रहराच्या रकान्यात मजा आली. भैरव आणि तोडी सकाळी, सारंग आणि भीमपलासी दुपारी, मारवा आणि पूरिया सूर्यास्ताला, दिवेलागणीनंतर यमन, बागेश्री, मालकंस आणि दरबारी रात्री, इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग भैरवी आली. राग सकाळचा, पण मैफल संपते तिच्यावर, मग ती रात्रीची का असेना. मल्हाराचे प्रकार पावसाळ्यात केव्हाही चालतात. नाट्यगीतांना तर कित्येकदा प्रहराची अट लावण्यातच अर्थ नसतो. म्हणून प्रहराच्या रकान्यात आम्ही 'केव्हाही' आणि 'पावसाळा' हे दोन पर्याय वाढवले आणि भैरवीला सकाळ व सांगता अशा दोन्ही नोंदी दिल्या. असे अपवाद सुरुवातीलाच मोकळेपणाने मान्य केले की पुढे यादी खोटी पडत नाही.

तांत्रिक बाजूला एक क्रम पाळावा लागतो. अ‍ॅट्रिब्यूटवर शोध हवा असेल तर तिचा इंडेक्स आधी तयार करावा लागतो. टर्मिनलमधली ती एका ओळीची आज्ञा आहे. इंडेक्स तयार होण्यापूर्वी ज्या फाईलींना ती माहिती लागली असेल, त्या शोधात येत नाहीत. त्यांच्यावरून पुन्हा इंडेक्स फिरवावा लागतो, त्यासाठीही हायकूत आज्ञा आहे. इंडेक्स त्या त्या डिस्कचा असतो, म्हणजे बाहेरची ड्राइव्ह जोडली तर तिच्यावर तो वेगळा करायचा. हायकू नव्याने वापरणाऱ्यांचा गोंधळ होतो तो बहुधा इथेच. माहिती डोळ्यांसमोर रकान्यात दिसते, पण शोधात सापडत नाही.

सूनबाईंची स्प्रेडशीट इथे कामी आली. त्यांची मेहनत वाया जाऊ द्यायची नाही, हे मी मनाशी ठरवलं होतं. फाईलींना तबकडीचा क्रमांक आणि बाजू एवढंच नाव दिलं, यादी साध्या मजकुरात काढली आणि एका छोट्या पायथन स्क्रिप्टने प्रत्येक ओळीतली माहिती त्या त्या फाईलीला चिकटवली. रागाचं ठरलेलं लेखन आणि प्रहर तक्त्यावरून आपोआप भरले गेले. नव्या तबकडीची नोंद आता काका स्वतः करतात. निवडलेल्या ओळीतल्या रकान्यावर क्लिक केलं की तिथल्या तिथे लिहिता येतं. वेगळा फॉर्म नाही, वेगळा प्रोग्राम नाही.

मग शोध. हायकूत शोधाला क्वेरी म्हणतात आणि ती फाईल म्हणून जपून ठेवता येते. उघडली की विंडो येते, अगदी फोल्डरसारखी, आणि उघडी असताना जिवंत राहते. काकांनी एखाद्या फाईलीच्या प्रहराच्या रकान्यात दुपारऐवजी संध्याकाळ लिहिलं की ती फाईल दुपारच्या विंडोतून जाते आणि संध्याकाळच्या विंडोत उमटते. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा काकांनी तीच फाईल इकडून तिकडे बऱ्याचदा फिरवून पाहिली. एक खबरदारी घ्यायची : नव्या क्वेरीवर तात्पुरती अशी खूण मुळातच लावलेली असते आणि तशा क्वेरी सात दिवसांनी आपोआप निघून जातात. ती खूण काढूनच क्वेरी जपावी.

देवनागरीची अडचण

हायकूत पडद्यावर अक्षरं काढायचं काम अ‍ॅप-सर्व्हर नावाचा भाग करतो. तो युनिकोड जाणतो, त्याच्याकडे देवनागरी फॉन्टही असतो, पण तो अक्षरचिन्हं एकामागे एक मांडत जातो. देवनागरीला एवढं पुरत नाही. पहिली वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते आणि लिहिताना आधी. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. जोडाक्षरात दोन व्यंजनं मिळून तिसराच आकार होतो. ही जुळवणी करणारा टप्पा हायकूच्या स्वतःच्या प्रोग्रामांत नाही.

परिणाम रागांच्या यादीवर असा दिसतो : यमन, मालकंस, केदार, देस, काफी, खमाज ही नावं नीट वाचता येतात. भीमपलासीही वाचता येतो, कारण दुसरी वेलांटी व्यंजनाच्या मागेच असते. पण दुर्गाचा रफार सुटतो, बागेश्रीतला श्र फुटतो, मल्हारातला ल पाय मोडून एकटा उभा राहतो, किराणा घराण्याच्या कि-ची वेलांटी चुकीच्या बाजूला जाते. अर्धी यादी शुद्ध आणि अर्धी विद्रूप. काकांनी ते पाहिलं आणि स्पष्ट सांगितलं, "असलं मी वाचणार नाही. त्यापेक्षा इंग्रजी अक्षरं चालतील." त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटलं. ज्याने आयुष्यभर शुद्ध छपाई वाचली, त्याच्यासमोर मोडकी देवनागरी ठेवणं हा अपमान आहे.

ही अडचण सगळीकडे मात्र नाही. क्यूटी या प्रोग्राम बनवायच्या चौकटीवरचे प्रोग्राम आणि लिबरऑफिस आपली अक्षरजुळवणी स्वतः करतात, म्हणून तिथे मराठी व्यवस्थित दिसते. अडते ते ट्रॅकरमध्ये, म्हणजे हायकूच्या फाईल मॅनेजरमध्ये, आणि आमचं सगळं काम नेमकं तिथेच होतं.

यावर तोडगा काढताना एक गोष्ट लक्षात ठेवली. बिघाड दिसण्यात आहे, साठवण्यात नाही. फाईलीला चिकटलेली देवनागरी आत शुद्ध युनिकोडमध्येच असते. म्हणून प्रत्येक फाईलीला गायक आणि राग यांच्या दोन-दोन नोंदी दिल्या. एक रोमन लिपीत, ती रकान्यात दिसते आणि शोधाला वापरली जाते. दुसरी देवनागरीत, सूनबाईंच्या यादीतून जशीच्या तशी आलेली, ती रकान्यात दाखवलेली नाही. उद्या हायकूत अक्षरजुळवणी आली तर दोन रकान्यांची अदलाबदल करायची, बस. आणि संग्रह दुसऱ्या प्रणालीवर न्यायचा झाला तर देवनागरी नोंद तयारच आहे. केवळ आज दिसत नाही म्हणून ती टाकून देणं मला मान्य नव्हतं.

रोमन लेखन ठरवताना तक्त्याचा मोठा उपयोग झाला. यमनचं लेखन लोक वाय-ए करतात, वाय-ई करतात, ई-एम-ए-एन असंही करतात. तक्त्यात एकच, आणि सगळीकडे तेच.

आणि जिथे मजकूर म्हणून देवनागरी चालत नव्हती, तिथे ती चित्र म्हणून आणली. इथून पुढे आयकॉन आणि वॉलपेपर कामाला आले, आणि तेव्हा ते शोभेसाठी नव्हते.

चित्रातली अक्षरं

हायकूचे आयकॉन सदिश असतात, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषा आणि आकारांनी काढलेले. त्यांचा एचव्हीआयएफ हा साचा श्टेफान आस्मुस यांनी केला. आयकॉन मुद्दाम इतका लहान ठेवला जातो की तो बऱ्याचदा एक किलोबाइटच्याही आत मावतो. तोही फाईलीला अ‍ॅट्रिब्यूट म्हणूनच चिकटलेला असतो. ते काढायला आयकॉन-ओ-मॅटिक हा प्रोग्राम प्रणालीतच येतो आणि तो एसव्हीजी या सदिश साच्यातलं चित्र उघडू शकतो.

त्याचा असा उपयोग केला : दुसऱ्या संगणकावर इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्राममध्ये सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र, पावसाळा ही नावं ठसठशीत फॉन्टात लिहिली, अक्षरांच्या बाह्यरेषांचे आकार केले आणि ते आयकॉन-ओ-मॅटिकमध्ये आणले. अक्षरजुळवणी इंकस्केपमध्येच झालेली असल्यामुळे हायकूसमोर फक्त रेषा आल्या, आणि रेषा ती अचूक काढते. जपलेल्या क्वेरींना हे आयकॉन दिले आणि डेस्कटॉपवरचे आयकॉन मोठे केले. लहान आकारात 'संध्याकाळ' वाचता येत नाही, म्हणून तिथे फक्त 'सं' ठेवला आणि मागे शेंदरी गोल काढला. सकाळला फिकट पिवळा, दुपारला पांढरट, रात्रीला गडद निळा. मुळाक्षराचा आणि रंगाचा हा मेळ पूर्ण शब्दापेक्षाही चांगला ठरला. काका आता रंगावरूनच क्लिक करतात.

वर्कस्पेस हा पुढचा टप्पा. हायकूत एका पडद्यावर बत्तीसपर्यंत वेगवेगळे वर्कस्पेस, म्हणजे स्वतंत्र डेस्कटॉप, ठेवता येतात आणि प्रत्येकाची पार्श्वभूमी वेगळी असू शकते. आम्हाला पाच पुरले : चार प्रहरांचे आणि एक नोंदींच्या कामाचा. चारांच्या पार्श्वचित्रांवर कोपऱ्यात देवनागरीत प्रहराचं नाव आणि त्या वेळच्या मुख्य रागांची यादी आहे. हे चित्रच असल्याने दुर्गाचा रफार आणि बागेश्रीचा श्र दोन्ही जागच्या जागी बसतात. डेस्कटॉपवरचे आयकॉन मात्र सगळ्या वर्कस्पेसवर तेच दिसतात, ते प्रत्येकात वेगळे ठेवता येत नाहीत. म्हणून त्या त्या वर्कस्पेसमध्ये त्या प्रहराच्या क्वेरीची विंडोच उघडी ठेवायची असं ठरलं. लॅपटॉप बंद करताना ट्रॅकरच्या ज्या विंडो उघड्या होत्या, त्या लॅपटॉप पुन्हा सुरू केल्यावर ट्रॅकर आपणहून उघडतो.

एका वर्कस्पेसमधून दुसऱ्यात जायला कळफलकावरचे शॉर्टकट आहेत, पण काकांना ते नको होते. त्यासाठी रेप्लिकंट वापरला. हायकूतल्या काही प्रोग्रामांच्या विंडोच्या कोपऱ्यात एक बारीक मूठ असते. ती धरून ओढली की प्रोग्रामचा तेवढा तुकडा डेस्कटॉपवर कायमचा बसतो. वर्कस्पेसचा छोटा नकाशा असा खाली उजव्या कोपऱ्यात बसवला, शेजारी घड्याळ. नकाशातल्या चौकटीवर क्लिक केलं की तो प्रहर समोर. मांडणी झाल्यावर डेस्कबारच्या, म्हणजे हायकूच्या टास्कबारच्या, मेनूतून रेप्लिकंटच्या मुठी लपवल्या, म्हणजे चुकून काही हलणार नाही.

दिसणं आणि हाताळणं

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर काकांना बारीक अक्षरांचा त्रास होत होता. हायकूत अपिअरन्स सेटिंगमध्ये मूळ फॉन्टचा आकार वाढवला की बटणं, मेनू, ओळींची उंची, विंडोचे टॅब सगळं त्या प्रमाणात वाढतं. आम्ही सोळा पॉइंटवर थांबलो. त्याहून मोठं केल्यावर रकाने पडद्यात मावेनासे झाले.

रंगांत फार बदल केले नाहीत. पाचव्या बीटात एक-दोन मुख्य रंग निवडले की बाकीचे आपोआप जुळवून घेतले जातात, त्यामुळे काळा पडदा करून पाहणं सोपं होतं. काकांना तो आवडला नाही. विंडोचा पिवळा टॅब मी मुद्दाम तसाच ठेवला. पुढे कुठली विंडो आहे हे लांबूनही कळतं. टॅबचं रूप बदलणारे डेकोरेटर मिळतात, पण त्यांतल्या काहींवर टॅब एकमेकांना जोडण्याची सोय नीट बसत नाही असा माझा अनुभव आहे, आणि तीच सोय आम्हाला हवी होती.

ती सोय म्हणजे स्टॅक अँड टाइल. विंडोज चिन्हाची कळ दाबून एका विंडोचा टॅब दुसरीच्या टॅबवर नेला की दोन्ही विंडो एकावर एक रचल्या जातात आणि त्यांचे टॅब वर ओळीने दिसतात. ग्रंथालयातल्या कार्डांच्या खणात मधेमधे विभाजक उभे असतात, हुबेहूब तसं. काकांनी हीराबाई बडोदेकर, अब्दुल करीम खाँ आणि सवाई गंधर्व यांच्या क्वेरी अशा एकत्र रचल्या. वडील, मुलगी आणि शिष्य एका गठ्ठ्यात, ही कल्पना पूर्णपणे त्यांची. डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सव झाला की त्यांच्याकडे चर्चेला मित्र जमतात. १९५३ पासूनच्या या महोत्सवाच्या आठवणी निघतात आणि अमुक गायकाचा तमुक राग जुन्या मुद्रणात कसा होता, हे लगेच ऐकायचं असतं. हा गठ्ठा त्या बैठकीत सर्वांत जास्त चालला.

कॉपी-पेस्टला हायकूत मुळात ऑल्ट कळ असते. सूनबाई ऑफिसात विंडोज वापरतात, म्हणून कीमॅप या कळफलकाच्या सेटिंगमधून ते कंट्रोल कळेवर आणलं. एका घरात दोन सवयी कशाला? ध्वनी हेडफोनच्या खाचेतून थेट अ‍ॅम्प्लिफायरला दिला, वायर तपकीर गल्लीतून. याबद्दल अधिक सांगण्यासारखं काही नाही, पहिल्या झटक्यात वाजलं.

कुठे जपायचं, काय करायचं नाही

हायकूत झाकण लावून लॅपटॉप झोपवण्याची सोय नाही, तो बंदच करावा लागतो. सुरू पटकन होतो, त्यामुळे काकांची तक्रार नाही. प्रणाली एकाच वापरकर्त्यासाठी चालते, त्याला सगळे अधिकार असतात. म्हणून या लॅपटॉपवर बँकेचं काही करायचं नाही, हे घरात पक्कं ठरलेलं आहे. ज्यांना एकाच यंत्रावर सगळं करायचंय आणि दिवसभर मराठी टाइप करायचंय, त्यांना मी आज हायकू सुचवणार नाही. हे प्रकरण जमलं, कारण काम एकच होतं.

सर्वांत मोठा धोका नकलेचा आहे. नेहमीच्या पेनड्राइव्हवर, म्हणजे फॅट किंवा एक्सफॅट साच्यातल्या ड्राइव्हवर, फाईल नेली की गाणं जातं, पण चिकटलेली माहिती गळून पडते, आणि तसा कुठला इशाराही ठळकपणे समोर येत नाही. म्हणून मुख्य नक्कल बीएफएसने फॉरमॅट केलेल्या वेगळ्या ड्राइव्हवर ठेवली. दुसरी नक्कल झिपमध्ये, कारण हायकूचा झिप अ‍ॅट्रिब्यूटही सोबत बांधतो. ती मात्र हायकूतच उघडायची, दुसरीकडे उघडली तर माहिती तिथेच राहून जाते. सेटिंग होम फोल्डरच्या आतच असतात, त्यामुळे त्यांचीही नक्कल त्याच फेरीत होते.

तिसरी गोष्ट मी आग्रहाने केली. एक स्क्रिप्ट सगळ्या फाईलींच्या नोंदी वाचून साध्या मजकुराची यादी तयार करते, देवनागरी आणि रोमन दोन्ही रकान्यांसह. ती काका महिन्यातून एकदा चालवतात आणि सूनबाई ती स्प्रेडशीटमध्ये उघडून पाहतात. आता यादी फाईलींवरून बनते, त्यामुळे ती फाईलींपासून वेगळी पडू शकत नाही. उद्या हायकू बंद पडली किंवा लॅपटॉपच गेला, तरी फाईलीचं नाव तबकडीचाच क्रमांक असल्यामुळे यादी आणि ध्वनी कुठेही पुन्हा जुळवता येतील.

लेबलांचे फोटो अजून जोडायचे आहेत. फोटोंच्या प्रकारालाही तबकडीच्या क्रमांकाचं तेच अ‍ॅट्रिब्यूट द्यायचं, म्हणजे एका क्रमांकाच्या क्वेरीत दोन्ही बाजूंची गाणी आणि लेबल शेजारी शेजारी येतील. सूनबाईंनी फोटो काढायला सुरुवात केली आहे. खिडकीशेजारी सकाळचा उजेड चांगला येतो, म्हणून त्या रविवारी सकाळी काढतात, आणि काका प्रत्येक लेबल पुसून त्यांच्या हाती देतात.